सूर्योपासक राजा

सातारा जिल्ह्यात औंध नावाचे गाव आहे. शेजारच्या डोंगरावर यमाईचे देऊळ आहे. पूर्वी हे गाव ७२ खेड्यांच्या एका लहानशा संस्थानाची राजधानी होते. या संस्थानाचे अधिपती श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८ मध्ये झाला.

बाळासाहेबांना व्यायामाची विलक्षण आवड होती. १८९७ मध्ये त्यांनी सँडो या युरोपातील विख्यात मल्लाची पुस्तके व साधने आणविली आणि सुमारे दहा वर्षे त्याच्या पद्धतीने नेमाने व्यायाम केला. परंतु अशी साधने खेड्यातील गरिबांच्या मुलांना कोठून मिळणार? पुढे मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून बाळासाहेब सूर्यनमस्कारांकडे वळले. या व्यायामाला ना पैसा लागतो, ना साधन. पुरुषभर जागा मिळाली म्हणजे झाले.

नमस्कार म्हणजे नुसती उठाबस नव्हे, हे त्यांनी ओळखले होते. फुप्फुसे आपली आपण हलत नाहीत. छातीच्या फासळ्या वर उचलल्या जातात व श्वासपटल खाली सरकते, तेव्हाच हवा आत येते. म्हणून हातांची हालचाल आणि श्वास यांची सांगड घालावी लागते. ओणवे होऊन तळवे जमिनीला टेकताना श्वास सोडावयाचा. हातांवर भार देऊन छाती पुढे काढताना तो नाकाने भरून घ्यावयाचा. घाईघाईने घातलेल्या शंभर नमस्कारांपेक्षा अशा रीतीने सावकाश घातलेले थोडे नमस्कार अधिक हितकर होत.

१९०९ मध्ये बाळासाहेब गादीवर आले. त्यांनी संस्थानातील शाळांतून सूर्यनमस्कार सुरू केले. केवळ हुकूम काढून ते थांबले नाहीत. ते स्वतः रोज पहाटे नमस्कार घालीत आणि शाळांना भेटी देऊन मुलांना ते करून दाखवीत. १९२८ मध्ये त्यांनी सूर्यनमस्कारांवर पुस्तक लिहिले; १९३८ मध्ये लंडनमध्येही त्यांचे या विषयावरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले.

प्रजेचे शरीर बळकट व्हावे, तशीच तिची बुद्धीही स्वतंत्र व्हावी, अशी त्यांची तळमळ होती. १९३९ मध्ये त्यांनी राज्याचा अधिकार आपण होऊन ग्रामपंचायतींच्या व लोकप्रतिनिधींच्या हाती सोपविला. १९४८ मध्ये औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १९५१ मध्ये बाळासाहेब निवर्तले.

राज्य गेले, राजाही गेला. परंतु सकाळच्या कोवळ्या उन्हात शाळेच्या पटांगणावर मुलांचे हात एका लयीत जुळतात, तेव्हा औंधच्या या राजाचे स्मरण झाल्याशिवाय राहत नाही. जे दुसऱ्यांना सांगावयाचे, ते आधी आपण करावयाचे, हाच त्यांच्या जीवनाचा धडा होय.