विद्याप्रेमी सरफोजी राजे

रत्नागिरीच्या मांडवी बंदरावर मराठी कानी पडली, तर त्यात नवल ते काय? परंतु तेथून शेकडो मैल दूर, तमिळ मुलखात, कावेरीच्या खोऱ्यात तंजावर नगर आहे. तेथील राजदरबारातही एके काळी मराठी नांदत होती. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी तेथे भोसल्यांचे राज्य स्थापिले. त्याच घराण्यात पुढे दुसरे सरफोजी राजे होऊन गेले.

सरफोजींचा जन्म १७७७ साली झाला. तुळजाजी राजांनी त्यांस दत्तक घेतले. पण १७८७ मध्ये तुळजाजी निवर्तले आणि गादी अमरसिंहांकडे गेली. पोरक्या बालकाचे शिक्षणही खुंटण्याची वेळ आली. तेव्हा श्वार्ट्झ नावाच्या जर्मन धर्मोपदेशकाने त्यांचा कैवार घेतला व त्यांच्या विद्याभ्यासाची सोय केली.

१७९८ मध्ये सरफोजी गादीवर बसले. परंतु दुसऱ्याच वर्षी तह होऊन राज्याचा कारभार इंग्रजांच्या कंपनीकडे गेला. दुसरा एखादा राजा अशा वेळी खिन्न होऊन बसला असता, किंवा ऐषआरामात बुडाला असता. सरफोजींनी मात्र विद्येचे राज्य वाढविण्याचे ठरविले.

त्यांस वैद्यकाची विलक्षण आवड होती. शरीराची रचना जाणावयाची, तर हाडे व सांधे पाहिले पाहिजेत. पण मृताच्या अस्थींना स्पर्श करणे त्या काळी अपवित्र मानीत. मग त्या राजवाड्यात कशा आणाव्यात? एकीकडे रूढी, तर दुसरीकडे ज्ञानाची तहान! सरफोजींनी यातून वाट काढली. कारागिरांनी घडविलेला माणसाचा कृत्रिम सांगाडा त्यांनी युरोपातून मागविला.

अशा प्रतिकृतीचा उपयोग मोठा असतो. गुडघा दाराच्या बिजागरीप्रमाणे पुढेमागे हलतो. खांदा मात्र चहूकडे फिरतो, कारण दंडाच्या हाडाचे गोल टोक खांद्याच्या खोबणीत बसलेले असते. पुस्तकातील चित्र हे नुसते दाखविते. प्रतिकृती हाती धरून फिरविली, म्हणजे तेच चटकन उमगते. आजही वैद्यकाचे विद्यार्थी सांध्यांच्या प्रतिकृतींवरून असाच अभ्यास करितात.

सरफोजींनी धन्वंतरी महाल नावाची संस्था चालविली. तेथे देशी आणि पाश्चात्त्य अशा दोन्ही वैद्यकांचा अभ्यास होई. नेत्ररोगाकडे त्यांचे विशेष लक्ष होते. रुग्णांच्या व्याधींची व उपचारांची टिपणे ठेविली जात. सोबत डोळ्यांची रंगीत चित्रेही काढविली जात. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयास त्यांनी देशोदेशींचे ग्रंथ मिळवून दिले.

१८३२ साली सरफोजी राजे कालवश झाले. पुढे तंजावरचे राज्यही लयास गेले. परंतु ते ग्रंथालय आणि त्यातील नेत्ररुग्णांची टिपणे आजही जतन केलेली आहेत. ज्या राजाजवळ जिंकावयास मुलूख उरला नव्हता, त्याने मिळविलेले हे धन कोणासही हिरावून घेता आले नाही.