रमाबाई रानडे : शाळेविना शिक्षण

या घटकात आपण एका अशा लेखिकेचे चरित्र पाहणार आहोत, जिने विद्यार्थिनी म्हणून शाळेचे बाक कधी अनुभवले नाही. तरीही तिचे शिक्षण वयाच्या अकराव्या वर्षी सुरू झाले आणि चाळिशी उलटल्यावरही चालू राहिले. घरची कामे आटोपून, इतरांची नजर चुकवून किंवा रात्री उशिरा हा अभ्यास घेऊन बसणाऱ्या तुम्हां-आम्हांला ही कथा फारशी दूरची वाटणार नाही.

रमाबाईंचे माहेर सातारा भागातील देवराष्ट्रे येथील कुर्लेकरांचे. माहेरचे नाव यमुना. त्या घरात मुलींना अक्षरओळख करून देण्याची पद्धत नव्हती. लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या स्त्रीला वैधव्य येते, अशी समजूत त्या काळी अनेक घरांत होती आणि तिचा धाक खरा होता. १८७३ साली यमुनेचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे, पुण्यात न्यायखात्यात अधिकारी, विद्वान म्हणून प्रसिद्ध आणि नुकतेच विधुर झालेले. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या सुधारकाने वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या कुमारिकेशी लग्न केले, ही विसंगती त्यांच्या समकालीनांच्याही डोळ्यांत खुपली. चरित्र वाचताना ती झाकून ठेवण्याचे कारण नाही.

लग्नानंतर लगेच पाटी हाती आली. रात्री पतीने शिकवायचे, दिवसा घरकाम सांभाळून तो धडा पक्का करायचा, असा क्रम ठरला. पुढे शिक्षिका घरी येऊ लागल्या, मराठीपाठोपाठ इंग्रजीही सुरू झाले. येथे एक गोष्ट लक्षात घ्या. रानड्यांच्या घरात पत्नीने शिकावे असे वाटणारा माणूस एकच होता, आणि तो दिवसभर कचेरीत असे. घरात असत त्या सासूबाई, नणंद आणि इतर वडीलधाऱ्या स्त्रिया. शिकणे म्हणजे थोरांचा अवमान, आणि इंग्रजी शिकणे म्हणजे तर घराण्याची अब्रू घालवणे, असे त्यांचे ठाम मत. टोमणे होते, अबोला होता. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. त्या सभांना जाऊ लागल्यावर घरातली नाराजी अधिकच वाढली.

रमाबाईंनी यातले पतीच्या कानी फार काही घातले नाही. एकीकडे पतीची आज्ञा, दुसरीकडे सासरच्या स्त्रियांची मर्जी, आणि या दोहोंच्या मधे पोरवयाच्या मुलीची स्वतःची जिज्ञासा. रानड्यांच्या औदार्याचे कौतुक बहुतेक चरित्रांत भरपूर आढळते. शिकवणाऱ्याला मात्र घरात कोणी टोचून बोलत नव्हते, ते शिकणारीलाच सोसावे लागत होते. माझ्या मते या चरित्राचा गाभा येथे आहे.

नाशिकला बदली झाल्यावर तेथील एका समारंभात रमाबाईंनी पहिले जाहीर भाषण केले. मजकूर रानड्यांनी लिहून दिलेला. त्यांनी तो वाचला इतकेच. पुढे मुलींसाठी हायस्कूल हवे या मागणीसाठी पुण्यात गव्हर्नरांपुढे इंग्रजी निवेदन वाचण्याचे कामही त्यांच्याकडे आले. १८८४ साली पुण्यात ते हायस्कूल निघाले. आज आपण त्याला हुजूरपागा म्हणून ओळखतो.

१८८६ साली सरकारी अर्थसमितीवर नेमणूक झाल्याने रानड्यांना कलकत्त्यास जावे लागले. रमाबाई बरोबर होत्या. तेथे बंगाली वृत्तपत्र दारात आले आणि ते कोणालाच वाचता येईना. मग रानड्यांनी बंगालीची पुस्तके आणवली आणि चाळिशी ओलांडलेला हा विद्वान पुन्हा मुळाक्षरांपासून सुरुवात करू लागला. एके दिवशी रमाबाईंनी पाहिले, तर न्हावी दाढी करतो आहे, रानडे मोठ्याने पुस्तक वाचताहेत आणि अडलेल्या शब्दाचा उच्चार व अर्थ त्या न्हाव्याला विचारताहेत. रमाबाईंना संकोच वाटला. एवढ्या मोठ्या माणसाने न्हाव्याकडून शिकावे! त्यावर रानड्यांनी दत्तात्रेयांच्या चोवीस गुरूंची आठवण करून दिली. मग रमाबाईही बंगाली शिकल्या. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा धाक तेथे नव्हता, हेही ध्यानात ठेवावे.

१८९३ साली रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. मुंबईत रमाबाई स्त्रियांच्या मंडळांत काम करू लागल्या. आता त्या लिहून दिलेले वाचत नव्हत्या. १६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती वारले. रमाबाई पुण्याच्या वाड्यात परतल्या आणि जवळजवळ वर्षभर त्यांनी कोणात मिसळणे सोडले. शिकवणारा गेला होता. त्या काळच्या रूढीप्रमाणे विधवेने कोपऱ्यात बसायचे, आणि तसे केले असते तर त्यांना कोणी नावे ठेवली नसती.

त्या बाहेर पडल्या, त्या येरवड्याच्या तुरुंगातील स्त्रियांना भेटण्यासाठी. तेथे कोणतीही पाटी घेऊन शिकवणारा नव्हता. चोरी, खून अशा गुन्ह्यांत अडकलेल्या बायकांशी काय बोलावे, हे त्या जाऊन, चुकत, ऐकत शिकल्या. १९०४ साली मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. बेहरामजी मलबारी व दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन सुरू केले, त्यानंतर १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले. गोपाळ कृष्ण देवधर हे या कामातील त्यांचे प्रमुख सहकारी.

सेवासदनाचे वेगळेपण नीट पाहा. मुलींच्या शाळा पुण्यात तोवर होत्या. ज्यांचे शाळेचे वय निघून गेले, ज्यांच्या गळ्यात संसार पडला किंवा ज्यांच्या कपाळाचे कुंकू पुसले गेले, त्यांच्यासाठी मात्र फारसे काही नव्हते. सेवासदनाने प्रौढ स्त्रियांसाठी वर्ग काढले, शिवणकाम शिकवले, शिक्षिका तयार केल्या. शुश्रूषेचे शिक्षण घेण्यासाठी विद्यार्थिनी ससून रुग्णालयात जाऊ लागल्या. परक्या पुरुषाची जखम धुणे हे ब्राह्मण विधवेचे काम नव्हे, असा त्या काळचा समज. म्हणून आधी घरच्यांची समजूत घालावी लागे आणि शिकवणे त्यानंतर. त्या समजूत घालण्याचा अनुभव रमाबाईंना स्वतःच्या सासरी भरपूर मिळाला होता. पुढे मुलींचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे व्हावे म्हणून आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठीही त्या झगडल्या. १९२४ साली त्यांचे निधन झाले.

त्यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. मराठी स्त्रीच्या आत्मपर लेखनात त्याचे स्थान फार वरचे आहे. भाषा घरगुती, अंगणात बसून सांगितल्यासारखी. पतीचे नाव न घेण्याचा रिवाज पाळणारी. ते मिळवून वाचा आणि वाचताना प्रत्येक प्रसंगात श्रम कोणाचे आणि श्रेय कोणाला, याची टिपणे वहीत करत जा. कलकत्त्याच्या प्रसंगातही लेखिकेने स्वतःला मागच्या बाकावर बसवले आहे. पुस्तक न्यायमूर्तींच्या निधनाशी थांबते. येरवड्याच्या फेऱ्या, सेवासदनातील वर्ग, ससूनला निघालेल्या त्या पहिल्या मुली यांपैकी काहीही त्यात नाही. ती तेवीस वर्षे तुम्हांला दुसरीकडे शोधावी लागतील.