वाढ थांबली, तिथेच उत्तर होतं!

बारावीच्या बायोलॉजीतला ‘लॅक ओपेरॉन’ आठवतो? आकृती पाठ केली, पेपरात काढली आणि विसरून गेलो, असंच ना? पण त्या आकृतीमागे एक माणूस आहे. जाक मोनो. त्यांची गोष्ट पुस्तकात नाही, म्हणून इथे वाचा.

मोनो यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९१० चा, पॅरिसचा. वडील चित्रकार, आई अमेरिकन. स्वतः चेलो वाजवायचे. १९३६ मध्ये फेलोशिपवर अमेरिकेतल्या कॅलटेकला गेले, तर तिथेही लॅबपेक्षा संगीतातच जास्त रमले. विज्ञान की संगीत, हे ठरता ठरेना. पीएचडी झाली तेव्हा वय ३१! घरी ‘कधी सेटल होणार?’ असं विचारत असतील, तर हा आकडा लक्षात ठेवा.

पीएचडीचा प्रयोग तसा साधा होता. जंतूंना ग्लुकोज आणि दुसरी एक साखर एकत्र द्यायची आणि वाढ मोजायची. जंतू आधी ग्लुकोज फस्त करायचे. मग वाढ थांबायची. थोड्या वेळाने दुसऱ्या साखरेवर परत सुरू. आलेखात दोन चढ आणि मध्ये सपाट पट्टी. मोनो त्या सपाट पट्टीपाशीच अडले. एवढा वेळ जंतू करतात काय?

आन्द्रे ल्वॉफ या ज्येष्ठ सहकाऱ्याने दिशा दाखवली: दुसरी साखर पचवणारं एन्झाइम तयार व्हायला वेळ लागत असावा. म्हणजे ते बनवायची माहिती जंतूकडे होतीच, पण बंद होती. बंद कोणी ठेवली?

निवांत शोधायची सोय नव्हती. १९४० पासून पॅरिस नाझींच्या ताब्यात. पत्नी ओदेत ज्यू घराण्यातल्या, भारतीय मंदिरांवर पुस्तक लिहिलेल्या अभ्यासक. घरात लहान जुळी मुलं. तरी मोनो भूमिगत लढ्यात उतरले. पकडले गेले असते तर जीव गेला असता. सॉर्बोनमधली लॅब धोक्याची झाली, तेव्हा पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ल्वॉफ यांच्याकडे प्रयोग चालू ठेवले.

युद्धानंतर ते पाश्चरमध्येच रुजू झाले. तिथे फ्रान्स्वा जाकोब भेटले. १९५९ मध्ये दोघांनी आर्थर पार्डी यांच्यासोबत मोठा प्रयोग छापला. काही जंतू दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज नसतानाही एन्झाइम बनवत राहायचे. त्यांच्यात एक जीन बिघडलेला होता. तो चांगला जीन दुसऱ्या जंतूकडून आत आला, की थोड्या वेळाने हे उत्पादन बंद पडायचं. म्हणजे तो जीन ‘थांब’ म्हणणारं काहीतरी बनवत होता!

तेच रेप्रेसर प्रोटीन. लॅक्टोज नसेल तेव्हा ते डीएनएवर दाराच्या कडीसारखं बसतं आणि जीनची नक्कल होऊ देत नाही. लॅक्टोज आलं, की त्यापासून बनलेला रेणू रेप्रेसरला चिकटतो आणि कडी निघते. साखर जीन चालू करते असं वाटत होतं. खरं तर ती अडथळा दूर करते. १९६१ मध्ये सिद्धांत आला आणि १९६५ मध्ये मोनो, जाकोब, ल्वॉफ या तिघांना नोबेल.

पण सगळीकडे कडीच असते, हा मोनो यांचा आग्रह टिकला नाही. एलिस एंगल्सबर्ग यांनी अरॅबिनोज साखरेत उलटा प्रकार दाखवला: तिथे प्रोटीन जीनला चालना देतं. त्याला म्हणतात अ‍ॅक्टिव्हेटर. पुढे लॅक ओपेरॉनमध्येही असा एक सापडला. ग्लुकोज संपलं, की तो कामाला लागतो. नुसती कडी काढून भागत नाही, धक्काही लागतो. 

मोनो १९७१ मध्ये पाश्चर इन्स्टिट्यूटचे संचालक झाले आणि ३१ मे १९७६ रोजी ल्युकेमियाने गेले.

आता म्हणाल, रिसोडला याचं काय? पेरणीआधी सोयाबीनच्या बियाण्याला रायझोबियम चोळतात, ते बघितलंच असेल. सोयाबीनच्या मुळातून झिरपणारी रसायनं त्या जंतूला कळतात आणि त्याच्यातलं नॉड-डी नावाचं अ‍ॅक्टिव्हेटर प्रोटीन मुळांवर गाठी धरायला लागणारे जीन चालू करतं. त्याच गाठींत हवेतला नायट्रोजन पिकाला मिळतो.

यंदा फुलोऱ्यात एखादं झाड मुळासकट उपटा, गाठ कापून बघा. आत गुलाबी दिसली, तर समजा, जंतूचं काम चालू आहे.