रॅम्से मॅक्डोनल्ड व दहा जणांचे प्रधानमंडळ

इंग्लंडच्या राजकारणात ज्यांच्याविषयी अद्यापि एकमत झालेले नाही, अशा पुरुषांपैकी रॅम्से मॅक्डोनल्ड हे एक होत. त्यांचे अल्प चरित्र आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहो.

ता. १२ ऑक्टोबर १८६६ रोजी स्कॉटलंडातील लॉसीमाउथ या कोळ्यांच्या गावी त्यांचा जन्म झाला. पित्याचे छत्र त्यांस लाभले नाही. शिवणकाम करणारी आई व आजी यांनीच त्यांस वाढविले. गावशाळेत शिकून ते त्याच शाळेत विद्यार्थी-शिक्षक झाले. पुढे लंडनात कारकुनी करून रात्रीच्या वर्गांत त्यांनी विज्ञानाचा अभ्यास इतक्या नेटाने केला की, प्रकृती ढासळून तो मार्गच सोडावा लागला.

१९०६ साली ते मजूर पक्षातर्फे पार्लमेंटात निवडून आले. १९१४ साली महायुद्धास विरोध करून त्यांनी पक्षाचे पुढारीपण सोडले, आणि १९१८ साली मतदारांनी त्यांस नाकारले. लोकनिंदा सोसूनही आपले मत न सोडण्याचा हा स्वभाव पुढील हकीकत वाचताना ध्यानात ठेवावा. १९२४ साली इंग्लंडचे पहिले मजूर प्रधानमंडळ त्यांनीच बनविले, व १९२९ साली दुसरे.

१९३१ च्या उन्हाळ्यात देशावर संकट ओढवले. बेकारांची संख्या सुमारे २७ लाखांवर गेली. सरकारच्या जमाखर्चात १२ कोटी पौंडांची तूट येणार, असे चौकशी समितीने जाहीर केले. परदेशी सावकारांचा विश्वास उडून लंडनमधील सोने बाहेर जाऊ लागले. बेकारभत्ता शेकडा १० ने कमी करावा, असे मॅक्डोनल्ड यांचे मत पडले. ता. २३ ऑगस्ट रोजी त्यांच्या बाजूस ११ व विरुद्ध ९ मंत्री झाले, आणि प्रधानमंडळ मोडले. राजे पंचम जॉर्ज यांच्या आग्रहावरून दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिन्ही पक्षांचे राष्ट्रीय सरकार स्थापिले.

हे प्रधानमंडळ अवघ्या दहा जणांचे होते. मजूर पक्षाचे चौघे: मॅक्डोनल्ड मुख्य प्रधान, स्नोडेन अर्थमंत्री, टॉमस वसाहतमंत्री व लॉर्ड सँकी न्यायखात्याचे प्रमुख. हुजूर पक्षाचेही चौघे: बाल्डविन, नेव्हिल चेंबरलेन, कनलिफ-लिस्टर व भारतमंत्री सर सॅम्युअल होअर. उदारमतवादी दोघे: गृहमंत्री सर हर्बर्ट सॅम्युअल व परराष्ट्रमंत्री लॉर्ड रीडिंग, हेच रीडिंग १९२१ ते १९२६ पर्यंत हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते.

संकट टळताच हे मंडळ विसर्जित व्हावे, असा संकेत होता. परंतु शिक्षक, पोलीस व खलाशी यांचे पगार कापण्याचे ठरताच इन्व्हरगॉर्डन येथे आरमारातील खलाशांनी हुकूम मोडला. आणि ज्या सुवर्णचलनाच्या रक्षणार्थ हा सारा खटाटोप, ते ता. २१ सप्टेंबर रोजी सोडावेच लागले. मजूर पक्षाने आपल्या जुन्या पुढाऱ्यास बाहेर घातले. ऑक्टोबरच्या निवडणुकीत राष्ट्रीय सरकारास ५५४ जागा मिळाल्या, मजूर पक्षास केवळ ५२. नोव्हेंबरात वीस जणांचे नवे प्रधानमंडळ आले, व दहा जणांचे मंडळ अडीच महिन्यांच्या आतच संपले.

मॅक्डोनल्ड १९३५ पर्यंत मुख्य प्रधान राहिले, परंतु बळ हुजूर पक्षाचे होते. महाराष्ट्रास त्यांचे नाव ठाऊक आहे ते १९३२ च्या जातीय निवाड्यामुळे. त्यातील अस्पृश्यांच्या विभक्त मतदारसंघांविरुद्ध महात्माजींनी येरवड्यास उपोषण आरंभिले, डॉ. आंबेडकरांशी पुणे करार झाला, आणि मॅक्डोनल्ड यांच्या सरकारने तो मान्य केला.

ता. ९ नोव्हेंबर १९३७ रोजी समुद्रप्रवासात त्यांचा अंत झाला. त्यांच्या पत्नी १९११ सालीच निवर्तल्या होत्या. स्कॉटलंडात त्यांच्याशेजारीच ते विसावले.

त्यांनी अधिकारासाठी पक्ष सोडला, असे कित्येक म्हणतात. देशासाठी मित्र गमावले, असे दुसरे म्हणतात. आम्हांस वाटते, हेतू शुद्ध असला तरी एक उणीव राहिली: तीन पक्षांचे पुढारी एका मेजाभोवती बसले, पण ज्या बेकाराच्या घासातून काटकसर व्हावयाची, त्याची बाजू घेणारे बहुतेक मंत्री बाहेर राहिले. स्वतः निंदा सोसण्यास धैर्य लागते खरे. परंतु दुसऱ्यावर भार घालताना त्यास सोबत घेणे हे त्याहून कठीण आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांस पुढे कारभार करावा लागेल, त्यांनी याचा विचार करावा.