डेब्स यांची दहा अधिक दहा वर्षे

दोन गुन्ह्यांत दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली तर माणूस आत किती वर्षे राहणार? बेरजेने वीस. पण दोन्ही शिक्षा एकत्र भोगावयाच्या, अशी एक ओळ निकालपत्रात असेल तर दहाच. एका मोर्चाबद्दल चार-चार कलमे अंगावर घेणाऱ्या आमच्या कार्यकर्त्यांना ही ओळ ठाऊक असलीच पाहिजे. म्हणून आज आम्ही अमेरिकेच्या युजीन डेब्स यांच्याविषयी लिहीत आहोत.

डेब्स यांचा जन्म १८५५ चा, इंडियाना राज्यातला. चौदाव्या वर्षी शाळा सुटली, रेल्वेच्या कारखान्यात काम लागले. पुढे ते इंजिनात कोळसा टाकणारे फायरमन झाले. १८९३ मध्ये त्यांनी अमेरिकन रेल्वे युनियन उभारली आणि १८९४ च्या पुलमन संपात मनाई हुकूम मोडल्याबद्दल सहा महिने तुरुंग भोगला.

याच युनियनने काळ्या कामगारांना दार बंद ठेवले. डेब्स विरोधात होते, पण अधिवेशनात थोड्या मतांनी हरले. १९०३ मध्ये मात्र त्यांनीच लिहिले की काळ्यांना वेगळे देण्यासारखे पक्षाकडे काही नाही, प्रश्न वर्गाचाच आहे. हे आम्हाला मान्य नाही. जात वर्गात बुडवणारे कॉम्रेड आम्ही इथेही पुष्कळ पाहिले. तरी काळे-गोरे वेगळे बसवलेल्या सभेत बोलायला ते नकार देत, हेही सांगितले पाहिजे.

१६ जून १९१८ रोजी ओहायोतील कँटन येथे त्यांनी युद्धाविरुद्ध भाषण केले. भाषण एकच, पण आरोप अनेक. त्यातल्या दोहोंवर, म्हणजे सैन्यात अवज्ञा माजवण्याचा आणि सैन्यभरतीत अडथळा आणण्याचा प्रयत्न यांवर, प्रत्येकी दहा वर्षे शिक्षा झाली. दोन्ही एकत्र भोगावयाची. तुरुंगात गेले तेव्हा ते ६३ वर्षांचे होते. एकापाठोपाठ भोगायची असती तर सुटकेचे वय ८३.

यात दया किती होती? आमच्या मते फारशी नाही. शिक्षा एकत्र चालतात तेव्हा अपिलात एक आरोप गळून पडला तरी दुसऱ्यावरची दहा वर्षे तशीच उभी राहतात. कैद्याचे दिवस वाचतात, तसा सरकारचा खटलाही वाचतो. मार्च १९१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली.

आपल्याकडे जुन्या फौजदारी संहितेच्या कलम ३१ मध्ये उलटा नियम होता. न्यायाधीश गप्प राहिला तर शिक्षा एकापाठोपाठ! १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५ प्रमाणे एकाच खटल्यातल्या शिक्षांबाबत न्यायालयाने गुन्ह्याचे गांभीर्य पाहून ते सांगायचेच आहे. वेगवेगळ्या खटल्यांत मात्र मौन अजूनही महागात पडते. उत्तर प्रदेशात वीज साहित्याच्या चोरीच्या नऊ खटल्यांत एकाला दोन-दोन वर्षे झाली; तुरुंगाने बेरीज करून अठरा धरली, उच्च न्यायालयानेही दाद दिली नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या एकत्र करून दिल्या. दिल्लीपर्यंत जाता आले म्हणून तो सुटला. निकाल लागताच, त्याच दिवशी, वकिलाने ही ओळ मागून घ्यायला हवी.

डेब्स यांनी अटलांटाच्या तुरुंगातून १९२० ची अध्यक्षपदाची निवडणूक लढवली आणि नऊ लाखांहून अधिक मते घेतली. विल्सन यांनी माफी नाकारली. नंतर आलेल्या हार्डिंग यांनी शिक्षा कमी केली आणि १९२१ च्या नाताळच्या दिवशी ते बाहेर पडले. ऑक्टोबर १९२६ मध्ये वारले. सूट न धरता मोजली तर दहा वर्षे १९२९ ला संपणार होती. ते फाटकाबाहेर निघाले तेव्हा आतले कैदी ओरडून ओरडून त्यांना निरोप देत होते.