पुठ्ठ्यातून चौथी मिती दाखविणाऱ्या ॲलिसियाबाई



एव्हरेस्ट शिखर सर्वांना ठाऊक आहे. ते नाव जॉर्ज एव्हरेस्ट यांच्यावरून पडले. भारताची मोजणी करणारे लॅम्बटनसाहेब १८२३ साली आपल्या विदर्भात, हिंगणघाटला वारले. ते काम पुढे एव्हरेस्टसाहेबांनी चालविले. त्यांच्या पुतणीची मुलगी म्हणजे ॲलिसिया बूल.

ॲलिसियाचा जन्म ८ जून १८६० रोजी आयर्लंडमधील कॉर्क शहरी झाला. वडील जॉर्ज बूल मोठे गणिती. आजचे संगणक त्यांच्याच तर्कगणितावर चालतात. पण ती चार वर्षांची असतानाच ते वारले. घरात पाच मुली आणि पैशाची ओढाताण. कॉलेजात गणित शिकणे काही तिच्या नशिबी नव्हते.

पुढे हिंटन नावाचे गृहस्थ घरी लाकडी ठोकळे घेऊन आले. त्यांवरून ते चौथी मिती समजावून सांगत. आता ही चौथी मिती म्हणजे काय बुवा? रेघेला २ टोके, चौरसाला ४ कोपरे, घनाला म्हणजे चौकोनी ठोकळ्याला ८. दर वेळी दुप्पट! मग पुढच्या आकृतीला १६. तिचे नाव टेसरॅक्ट. ती डोळ्यांना दिसत नाही, मनानेच पाहावी लागते.

आपल्या तीन मितींत सुसम घनाकृती ५ च आहेत. चौथ्या मितीत अशा आकृत्या ६ आहेत, हे ॲलिसियाने स्वतः शोधून काढले. त्या ५, ८, १६, २४, १२० आणि ६०० घनाकृती जोडून होतात. त्यांची नावेही या आकड्यांवरूनच पडली. टेसरॅक्ट त्यांतली ८ ची. अशा आकृत्यांसाठी पॉलिटोप हा शब्द इंग्रजीत तिनेच आणला. स्वित्झर्लंडच्या श्लेफ्ली यांनी हा शोध आधीच लावला होता, पण तिला ते ठाऊक नव्हते.

१८९० साली वॉल्टर स्टॉट यांच्याशी तिचे लग्न झाले. दोन मुलांचा संसार सांभाळून ॲलिसियाबाई या आकृत्यांचे छेद पुठ्ठ्याचे करीत. हॉलंडचे प्राध्यापक स्खाउटे तेच छेद गणिताने काढीत होते. बाईंनी त्यांना आपल्या नमुन्यांचे फोटो पाठविले. ताळा बरोब्बर जुळला! मग १९१३ साली स्खाउटे वारेपर्यंत दोघांनी मिळून काम केले. १९१४ साली ग्रोनिंगेन विद्यापीठाने बाईंना मानद डॉक्टरेट दिली. १७ डिसेंबर १९४० रोजी त्या वारल्या.

मित्रांनो, रिकामे खोके फेकू नका. कात्री घ्या, आकार करून पाहा. आणि पालकहो, घरची मुलगी पुठ्ठे कापत बसली तर तिला रागावू नका. ती काय पाहते आहे, ते एकदा विचारा.