हजार येनच्या नोटेवरचे डॉ. नोगुची

2004 ते 2024 या वर्षांत तुम्ही जपानला जाऊन आला असाल, तर हजार येनच्या नोटेवरचा कुरळ्या केसांचा, मिशीवाला माणूस पाहिला असेल. ते डॉ. हिदेयो नोगुची. जपानी मुलं त्यांची गोष्ट ऐकतात ती भाजलेल्या हाताच्या पोराची. पण त्यांचं नाव झालं अमेरिकेत, आणि तेही चारचौघांत ज्याचा उच्चार करत नसत त्या उपदंशावर, आपल्याकडे ज्याला गरमी म्हणायचे त्यावर.

1876 साली फुकुशिमा भागात, इनावाशिरो तळ्याजवळ गरीब शेतकऱ्याच्या घरी जन्म. दीडेक वर्षाचं पोर घरातल्या चुलीत पडलं आणि डाव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटली. हा शेती करू शकणार नाही, म्हणून आई शिकाने राबराब राबून त्याला शिकवलं. शिक्षकांनी आणि वर्गातल्या मुलांनी पैसे जमवून हातावर शस्त्रक्रिया करवली. तेव्हाच पोराने डॉक्टर व्हायचं ठरवलं.

झालाही. पण अशा हाताच्या डॉक्टरकडे पेशंट कोण येणार? त्यापेक्षा प्रयोगशाळा बरी. सायमन फ्लेक्सनर हे अमेरिकी शास्त्रज्ञ 1899 मध्ये टोकियोला येऊन गेले होते. तेवढ्या ओळखीवर 1900 च्या अखेरीस नोगुची फिलाडेल्फियात त्यांच्या दारात हजर! नोकरीचा पत्ता नाही. प्रवासाचे पैसेसुद्धा होणाऱ्या सासरकडून घेतलेले, आणि ते लग्न पुढे मोडलं. पैशाच्या व्यवहारात गृहस्थ कच्चेच होते.

फ्लेक्सनरांनी त्यांना आधी सापाच्या विषावर कामाला लावलं आणि 1904 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये नेलं. पुढच्याच वर्षी जर्मनीत शाउडिन आणि हॉफमन यांना उपदंशाचा मळसूत्री जंतू सापडला. 1911 मध्ये नोगुचींनी जाहीर केलं की हा जंतू आपण शुद्ध स्वरूपात वाढवलाय. मोठा गाजावाजा झाला, पण इतर कुणाला ते जमलं नाही. हा जंतू आजही नुसत्या खाद्यावर वाढत नाही. त्याला सशाच्या जिवंत पेशींची सोबत लागते.

त्यांनी ‘ल्युटिन’ नावाची त्वचाचाचणीही काढली. ती ज्यांच्यावर करून पाहिली त्यांत उपदंश नसलेले रुग्ण होते, अनाथ मुलंही होती. त्यांची संमती कुणी विचारली नाही. वर्तमानपत्रांतून ओरड झाली, संस्थेने नोगुचींची पाठराखण केली. जपानी बालचरित्रांत ही पानं सहसा नसतात.

खरं टिकलं ते 1913 चं काम. वेड्यांच्या इस्पितळांत तेव्हा असे बरेच रुग्ण असत, ज्यांना भ्रम व्हायचा, मग लकवा, मग मृत्यू. हे जुन्या उपदंशामुळे होतं असा संशय होता, पुरावा नव्हता. नोगुचींनी मृतांच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून तपासले आणि त्यांत तोच जंतू दाखवला. वेडाच्या एका प्रकाराला जंतू कारण आहे, हे सिद्ध झालं.

इकडे आई वाट बघत होती. लेकाला पत्र लिहिता यावं म्हणून म्हातारपणी तिने अक्षरं गिरवली. पत्रात मागणी एकच, लवकर ये. आपल्यापैकी कितीजणांना असे फोन येतात! नोगुची गेले 1915 मध्ये, पंधरा वर्षांनी. आईला बरोबर घेऊन फिरले आणि परतले. 1918 मध्ये ती गेली तेव्हा ते जवळ नव्हते. नंतर जपानला गेलेच नाहीत.

त्याच वर्षी इक्वेडोरमध्ये त्यांनी पिवळ्या तापाचा जंतू सापडल्याचं सांगितलं, लसही काढली. तो जंतू निघाला लेप्टोस्पायरा, म्हणजे मुंबईत दर पावसाळ्यात ज्याची बातमी येते त्या ‘लेप्टो’चा भाऊबंद. पिवळा ताप विषाणूमुळे होतो. तो त्यांच्या सूक्ष्मदर्शकात दिसणं शक्यच नव्हतं. शंका घेणारे वाढले, तसे नोगुची 1927 मध्ये स्वतः आफ्रिकेत अक्राला गेले. तिथे सहा महिने माकडांवर प्रयोग केले. 21 मे 1928 ला त्याच तापाने त्यांचा मृत्यू झाला. वय 51.

तिथले त्यांचे सहकारी डॉ. विल्यम यंग थोड्याच दिवसांत त्याच तापाने गेले. नोगुचींना न्यूयॉर्कला आणून ब्रॉंक्समधल्या वुडलॉन स्मशानभूमीत पुरलं. न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडच्या मंडळींना ती जागा काही लांब नाही.